उसना बाप

नगरपालिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिलेला माणूस मत मागायला आमच्या घरी आला तेव्हा मी खूश झालो होतो, हे आधी कबूल करतो. आम्ही दोघं तिरोडीच्या खाणीजवळ एकाच वस्तीत वाढलो, पुढे दोघंही बालाघाटला आलो. इतकी वर्षं हा रस्त्यात दिसला की 'कैसे हो' एवढं फेकून पुढे जायचा. त्या दिवशी मात्र आईच्या पाया पडून म्हणाला, "काकू, वळखलं का मले?" आई विरघळली. मीही.

त्यानं भिंतीवरचा वडिलांचा फोटो मागितला. डोक्यावर टोप, हातात पहारीसारखी सब्बल, तोंड मँगनीजच्या धुळीनं काळं. "पत्रकात कामगाराचा मान ठेवतो," म्हणाला. आईनं काच पदरानं पुसून फोटो स्वतः त्याच्या हातात दिला.

चार दिवसांनी पत्रक आलं. वर वडिलांचा फोटो आणि खाली हिंदीत ओळ, की हे माझे पूज्य पिताजी, यांनी खाणीत छाती झिजवली. त्याचे पिताजी! ते खाणीवर हजेरी मांडायचे. सावलीत खुर्ची, कानाला पेन. माझे वडील खोकत जरा टेकले की त्यांचा अर्धा दिवस कापणारे ते हेच. त्या खोकल्यानंच वडील गेले. आणि हा लाज कोळून प्यायलेला माणूस मेलेल्याचा चेहरा उचलून बाप बदलून मोकळा!

पुढे शहर पुन्हा उभं करायच्या बाता होत्या. तुंबलेल्या नाल्या मोकळ्या करू, उखडलेले रस्ते नीट करू, कारण मजुराच्या पोरालाच शहराचं दुखणं कळतं. आमच्या वॉर्डातली नाली याच्याच दुकानाच्या ओट्याखाली बुजलीय.

मी पत्रक फाडायला घेतलं, तर आईनं हिसकावलं. मोतीबिंदूमुळे तिला अक्षरं दिसत नाहीत, पण चेहरा तिनं लगेच ओळखला. "काय लिवलं हाय?" तिनं विचारलं. खरं तोंडाशी आलं होतं. पण ती हसत होती, कितीतरी दिवसांनी. मी वाचलं, "खाणीतला इमानदार कामगार." शी! त्यानं खोटं छापलं आणि मी ते मोठ्यानं वाचलं.

गुडघे धरले असतानाही मतदानाला ती हट्टानं आली. रांगेत पुढच्या बाईला सांगत होती, "पत्रकावर फोटो हाय ना, ते माह्ये मालक." त्या बाईनं पत्रक वाचलेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी आईचा हात धरून तिला रांगेत पुढे सरकवलं.

बाहेर आल्यावर आईनं मला शाईचं बोट दाखवलं.

"त्याचंच बटन दाबलं. तुह्या बाबाले जितेपनी कोनी विचारलं नाही. यानं तरी त्याइचं नाव केलं ना?"

"हौ," मी म्हणालो.