सबनीसांचं हिरवं पान

गेल्या महिन्यात सिग्नलला माझ्या सायकलशेजारी एक गाडी येऊन थांबली. काच खाली झाली, आतला गारवा माझ्या घामेजल्या हाताला लागला, आणि आमच्या ऑफिसातले सबनीस मोबाइल दाखवत म्हणाले, "मॅडम, कालचं पान मलाही मिळालं बरं का."

ऑफिसने सगळ्यांना एक ॲप दिलंय. सायकलने आलात की त्यात एक हिरवं पान उगवतं. पण ॲप बघतं फक्त वेग, आणि पुलावरच्या गर्दीत गाडी सायकलच्याच वेगाने सरकते. सबनीस बसल्या जागी हिरवे होतात.

पोचल्याची नोंद होते, दमल्याची कुठेच होत नाही. त्यांच्या गाडीचा धूर माझ्या छातीत जातो, तेही कुठल्या फोनला कळत नाही.

मला राग गिळता येत नाही. पुलानंतर ऑफिसपर्यंत एक अरुंद, मोकळी गल्ली आहे. हल्ली मी तिच्या तोंडाशी सबनीसांची वाट बघते. ते दिसले की मी पुढे होते आणि देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी, मधोमध, सावकाश सायकल चालवते. मागे हॉर्न वाजत राहतो. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

आज त्यांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, बाजूला व्हा ना, उशीर होतोय."

मी पाय टेकला. "तुमच्यासाठीच हळू चालवतेय, सबनीस. गाडी पळाली तर पान जाईल तुमचं."

काच वर गेली. मी आणखी हळू निघाले.