उजवीकडून मांडलेलं समीकरण

"दमलात व्हय? मंग हे एक सोडवा. थकवा उतरंल."

शाळा सुटली की गणिताचे मास्तर असं म्हणायचे आणि सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढून व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर एक वर्गसमीकरण मांडायचे. आता तुम्हीच सांगा, दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आलेल्या माणसाला यात कसली विश्रांती? मी मराठी शिकवायचो. गणिताशी माझं कधी पटलंच नाही. पण लोहाऱ्याकडच्या त्या शाळेपुढे एस.टी. वेळेवर यायची नाही आणि मास्तर समोरून हलायचे नाहीत.

खेळाचे नियम ठरलेले होते. सूत्र वापरायचं नाही, उत्तर सापडेपर्यंत काही लिहायचं नाही. गुणाकार इतका आणि बेरीज इतकी येईल अशा दोन संख्या मनातल्या मनात शोधायच्या. हरेल त्यानं रांजणातलं पाणी आणून द्यायचं. पाणी बहुतेक मीच आणायचो. क्वचित मी जिंकलो की मास्तर तांब्या घेऊन निघताना म्हणायचे, "आज तुमचा थकवा मला लागला बगा."

थकलेले तर ते कायमच दिसायचे. चालतानाही एक खांदा खाली. फक्त फरशीवर दोन कंस नीट बसले की तेवढ्यापुरता चेहरा उजळायचा. त्यासाठीच मी रोज हरायला बसत असेन.

मास्तर निजामाच्या अमदानीत शिकले होते, सगळं उर्दूतून. त्यांच्या पुस्तकात क्षला 'ला' म्हणत आणि समीकरण उजवीकडून डावीकडे जाई. कित्येक वर्षं त्यांनी शिकवलंही तसंच. मग ते राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला. घरी जन्मभर मराठी बोललेल्या या माणसाला गणित तेवढं मराठीतून नव्यानं शिकावं लागलं. शब्द त्यांनी माझ्याकडून घोकून घेतले. हात मात्र ऐकायचा नाही. दिवसाच्या शेवटी, अंगात त्राण नसलं की तो उजव्या टोकालाच जायचा.

त्या वर्षी पुण्याकडचे एक साहेब तपासणीला येणार होते. उर्दूत शिकलेल्या मास्तरांकडे मॅट्रिकचा वर्ग ठेवायचा की नाही, हे पाठ बघून ते ठरवणार होते. मास्तरांच्या आयुष्यात मॅट्रिकच्या वर्गाखेरीज दुसरं काही फारसं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. महिनाभर ते व्हरांड्यात डावीकडून लिहायचा सराव करत राहिले आणि मी पहारेकऱ्यासारखा डाव्या टोकाला बसून राहिलो.

साहेब आले आणि नेमका शेवटचा तास बघायला बसले. उन्हानं वर्ग पेंगत होता. मीही मागच्या बाकावर होतो. मास्तरांनी पाठ छान सुरू केला. पहिली दोन समीकरणं डावीकडून, सुरेख मांडली. तिसऱ्याला त्यांनी घाम पुसला आणि हात उजवीकडे गेला. क्षचा वर्ग, वजा पाच क्ष, अधिक सहा, बरोबर शून्य. मास्तरांच्या मनात हे असं होतं. पोरांनी तीच ओळ डावीकडून वाचली. त्यांना दिसलं, शून्य बरोबर सहा अधिक पाच क्ष वजा क्षचा वर्ग. वजाची खूण दुसऱ्याच्या गळ्यात पडली. मास्तरांचं उत्तर दोन आणि तीन. पोरांचं सहा आणि उणे एक. मास्तर बाकाबाकांतून फिरत पोरांच्या बरोबर उत्तरांवर फुल्या मारत गेले.

तास संपल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भले होते. त्यांनी फळा उजवीकडून वाचून पाहिला, हसले आणि म्हणाले की यांचं गणित चोख आहे. मग म्हणाले, "पण परीक्षेला पोरं डावीकडूनच वाचणार ना, सर?"

मास्तर मान हलवून म्हणाले, "साहेबांचं बरोबर हाय. फुल्या म्या मारल्या." मला त्या भल्या साहेबाचा राग आला तो आजही गेलेला नाही.

मॅट्रिकला नवे शिक्षक आले. मास्तरांकडे पाचवीचे पाढे आले. व्हरांड्यातला खडू खिशातच राहिला. गणिताला पाण्यात पाहणारा मी, मीच एकदा म्हणालो, "मास्तर, दमलोय. एखादं द्या की." ते फरशीकडे बघत राहिले. "आता नगं. दमलो म्या," एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघं नुसतेच एस.टी.ची वाट बघत बसायचो. मला फार वाईट वाटायचं.

मास्तर आता नाहीत. निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. पण निवृत्तीआधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

नवे शिक्षक तापानं पडले होते आणि हेडमास्तरांना दुसरं कुणी मोकळं सापडेना. त्यांनी मास्तरांना मॅट्रिकचा एक तास घ्यायला पाठवलं. मास्तरांनी खडूला हात लावला नाही. खिडकीशी उभे राहून ते तोंडी समीकरणं सांगत गेले. पोरं पाळीपाळीनं फळ्यावर लिहीत गेली, उत्तरावरून भांडत गेली. तासाची घंटा झाली तरी वर्ग उठेना. मी शेजारच्या वर्गात होतो. माझी पोरं कविता सोडून तिकडचा गलका ऐकत बसली, आणि मीही.

संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या मास्तरांनी डोळे मिटले. "आज दमलो बगा. लई दिवसांनी," म्हणाले आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपी गेले. ते जळकोटला उतरायचे, मी पुढे नळदुर्गला. जळकोट आलं. कंडक्टर मास्तरांना हलवायला आला, तसा मी त्याचा हात धरला.

"झोपू द्या त्यांना. परतीच्या गाडीनं मी आणून सोडतो. मॅट्रिकचा वर्ग घेऊन आलेत."