शैलजाताईंची राहिलेली भूमिका

शैलजाताई कारखानीस यांची आणि माझी पहिली भेट दुबईतल्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये झाली. मी तिथे सुपरवायझर. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि स्वयंसेवकांनी नेमक्या दारातच खुर्च्या मांडल्या होत्या. मी वसईच्या खड्या आवाजात त्यांची खरडपट्टी काढत असताना मंचावरून एक बाई उतरून आल्या. आता तक्रार थेट मॅनेजरकडे जाणार, असं मी धरूनच चाललो.

त्या म्हणाल्या, "शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. शनिवारी काय करता?"

तेव्हापासून माझे शनिवार माझे राहिलेले नाहीत, ते ताईंच्या नाटकांचे झाले. पत्नी रीना आधी कुरकुरली, मग तीही नाटकात आली.

ताई रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतात. तिथून तासभर गाडी चालवत त्या दुबईत अल कुसैसला येतात आणि आमच्या इमारतीच्या पार्टी हॉलमध्ये तालीम घेतात. उशिरा येतो तो हॉलच्या वरच्या मजल्यावर राहणारा मी.

त्यांचा एक नियम आहे. प्रत्येक भूमिका दोघांनी बसवायची. "नाटकाला व्हिसा लागत नाही, नटाला लागतो," असं त्या म्हणतात. हा नियम किती शहाणपणाचा आहे, ते परागची नोकरी आणि तिच्याबरोबर इथला व्हिसा गेला तेव्हा कळलं. पराग आमचा नायक. प्रयोग तोंडावर आला होता आणि तो शरमेने तालमीलाच येईना. ताई त्याच्या घरी गेल्या. "नोकरी गेली ना? भूमिका अजून तुझ्याकडे आहे. ती नीट सोपवून जा. चल, यल्ला!" परागने बदली नटाला एकेक हालचाल शिकवली. विमानतळाकडे निघाला तेव्हा त्याची मान ताठ होती. त्याची मान ताठ राहावी म्हणून ताईंनी केलेली धडपड मी पाहिली आहे.

माझी मुलगी शेरिल एकदा रडकुंडीला आली. "ताई, माय मराठी साउंड्स सो फनी." ताई म्हणाल्या, "असू दे. तुझी मराठी इथली आहे. तशीच बोल." येत्या हंगामातलं बालनाट्य ताईंनी अशाच मुलांसाठी लिहिलं आहे.

आता एक सल सांगतो. तालमीला कोणी आलं नाही, की त्याच्या जागी ताई उभ्या राहतात. सासू, दारुडा, न्यायाधीश, नवी नवरी, सगळं त्यांनी आम्हाला करून दाखवलं आहे, आणि आमच्यापेक्षा कितीतरी सरस. पण ते पाहिलं फक्त आम्ही, त्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. प्रयोगाच्या दिवशी ताई विंगेत असतात. त्यांना नट व्हायचं होतं, हे त्यांनी एकदाच आणि तेही हसत सांगितलं होतं.

नव्या हंगामात तीन नाटकं आहेत. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या टॉवरमधल्या पार्किंगच्या भांडणाचं प्रहसन, मग बालनाट्य, आणि शेवटी एका म्हातारीचं नाटक. तिचं सिनेमागृह कधीच बंद पडलंय, तरी ती रोज तिकीटखिडकी उघडून बसते. आम्ही सगळ्यांनी धरणं धरल्यावर ताईंनी ही भूमिका स्वीकारली.

आणि आता ताईंची साठी. कारखान्याच्या नियमाने निवृत्ती, व्हिसा रद्द, पुण्याला परत. तिसरं नाटक त्यानंतर आहे. मागच्या शनिवारी त्या म्हणाल्या, "रीनाला द्या ती भूमिका. खलास. चर्चा नको."

रीना म्हणाली, "ताई, मी नाही करणार."

"मग दुसरं कोणी करेल."

कोणीच हात वर केला नाही. ताई पर्समध्ये चष्मा शोधत राहिल्या. चष्मा डोळ्यांवरच होता, पण ते सांगायचा धीर कोणाला झाला नाही.

ताई, तुमची आज्ञा आम्ही कधी मोडली नाही. ही मोडतो आहोत. त्या भूमिकेपुढे तुमचंच नाव राहील. व्हिजिट व्हिसा काढू, तारीख पुढे ढकलू, पण तुमच्याशिवाय ते नाटक होणार नाही.

देव तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य देवो. ती सगळी वर्षं खुशाल पुण्याला द्या. त्यातली एक संध्याकाळ मात्र आमची: तुम्ही उजेडात, आणि आम्ही सगळे खाली अंधारात, तुमच्याकडे बघत.