मेहुण्यांचा दुसरा अल्बम

आमच्या मेहुण्यांइतकं हळू बोलणारा माणूस रत्नागिरीत दुसरा नसेल आणि त्यांच्याइतकं भयंकर गाणारा तर अख्ख्या कोकणात नसेल. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. इंजिनाला हात लावण्याआधी डोळे मिटून ते बराच वेळ ऐकतात आणि पुटपुटतात, "तिसरा सिलिंडर तालात नाही." बोट चालवणाऱ्या तांडेलाने दोनदा "काय?" म्हणून विचारल्यावर कुठे त्याला ते ऐकू येतं. हाच माणूस तरुणपणी मुंबईत एका डेथ मेटल बँडचा गायक होता, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. घरातलं एखादं जुनं आजारपण सांगावं, तशा स्वरात बायकोने ते सांगितलं.

डेथ मेटल गायचं म्हणजे पोटातून गुरगुरायचं. त्याचा रियाज मेहुणे अजूनही रविवारी सकाळी आरे-वारेच्या किनाऱ्यावर, लाटांकडे तोंड करून करतात. एकदा मीही सोबत गेलो होतो. त्यांनी पहिला सूर लावला मात्र, खडकावर कालवं काढणारी एक म्हातारी हातातलं सगळं टाकून धावत आली. "अरं, बगताव काय? काटा आडाकलाय त्याच्या घशात! सुका भात द्या कुनीतरी!"

मेहुणे ओशाळले. "काटा नाही मावशी, गाणं आहे."

"त्ये पन निघंल," असं म्हणून तिने त्यांची पाठ चोळली.

त्यांच्या बँडचा पहिला अल्बम खूप गाजला. परदेशी मासिकांनी डोक्यावर घेतला, ब्राझीलमधल्या कुणीतरी त्याचं मुखपृष्ठ पाठीवर गोंदवून घेतलं. दोन वर्षांनी दुसरा आला, तो कधी आला हेही कुणाला कळलं नाही. एका मासिकाने दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक गाण्यांच्या नावांची होती. पण कुणी पहिल्याचं कौतुक केलं की मेहुणे विचारायचे, "दुसरा ऐकलात?" दाताच्या डॉक्टरांना विचारलं, सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही विचारलं. जगाने एका गोष्टीसाठी शाबासकी दिलेली असताना हा माणूस दुसरीच पुढे का करतो, याचं मला कुतूहल होतं. ऐकायचं मात्र मीही टाळत होतो.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक मोटरसायकलवरून आले. काळा टीशर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. पहिल्या अल्बमवर मेहुण्यांची सही हवी होती. कोकम सरबत पुढे करत मेहुण्यांनी विचारलंच, "दुसरा ऐकलात?"

"एकदा लावला होता."

"मग बसा."

मीही तिथेच सापडलो. पाऊण तास आम्ही दोघं शाळेतल्यासारखे बसून होतो. शेवटी प्राध्यापक चाचरत म्हणाले, "खरं सांगू सर? चांगला आहे. पण पहिल्यातली आग यात नाही."

"नाहीच," मेहुणे म्हणाले. "तोवर आम्हाला वाजवता यायला लागलं होतं." आणि त्यांनी पहिल्या अल्बमवर सुबक अक्षरात सही करून दिली.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "चौथं गाणं परत लावाल का?" हे मी त्यांचं मन राखायला म्हटलं नव्हतं. त्या गाण्याच्या मध्यात सगळी वाद्यं अचानक गप्प होतात आणि एकटा ड्रम संथपणे चालत राहतो. ते काय होतं, ते मला जाणून घ्यायचं होतं.

मेहुणे उभेच राहिले. "सगळे थांबतात, तेच ना?"

"तेच."

"ते ठरवलेलं नव्हतं, भाऊजी. आमचा ड्रमवाला रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी दुबईला जाणार होता, नोकरीला. त्या दिवशी तो थांबेचना. मग आम्ही हात खाली घेतले आणि त्याला वाजवू दिलं. नंतर ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते म्हणाले, तेवढं कापा. आम्ही नाही कापलं." चौथं गाणं शोधत ते म्हणाले, "त्यानंतर आम्ही चौघं कधी एकत्र बसलो नाही."

त्यांनी गाणं लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. ती जागा आली तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. ड्रम थांबला, गाणं संपलं, तरी बोटं बराच वेळ चालूच होती.