बायकोचे तोडे

चांदीत उभी हयात गेली, पण ती जमिनीतून निघते हे मला कधी खरंच वाटायचं नाही. आमच्या गलाईच्या दुकानात चांदी यायची ती कुणाच्या तरी पायातून, कमरेतून उतरून. मोडीचे दागिने मुशीत टाकायचे, भट्टीत वितळवायचे, घाण काढून शुद्ध लगड सराफाला द्यायची, हा आमचा धंदा. आमच्या माणदेशात पावसाचा काय भरवसा! मिसरूड फुटायच्या आत मी तमिळनाडूतल्या एका गावात भट्टीवर बसलो, तो केस पिकल्यावरच उठलो.

मुलगा मेक्सिकोत मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि एका रविवारी डोंगरातल्या जुन्या, चांदीच्या खाणींच्या शहरात नेलं. म्हणाला, "आबा, तुमचं मूळपीठच हाय हे."

लय देखणं शहर. ह्या चांदीपायीच स्पेनवाल्यांनी ते वसवलं आणि जहाजं भरभरून नेली. डोंगराच्या उतारावर पिवळी, निळी, डाळिंबी घरं, एकाच्या डोक्यावर एक. रस्ते बोगद्यातून जातात, तिथून पूर्वी नदी वाहायची म्हणे. आमची ही मान वर करून बघतच राहिली. "आवं, ह्यास्नी रंग फुकटात मिळतोय का काय?"

खाणीत पायऱ्या उतरून गेलो. तिथल्या माणसानं हातात एक दगड दिला. पांढरा, मधून काळपट रेघ गेलेली. म्हणे ही रेघ म्हणजे चांदी. मी नख मारून पाहिलं, थुंकी लावून पाहिलं. आन् खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. भट्टीची धग, तेजाबाचा धूर, मागच्या खोलीत ही थापायची ती बाजरीची भाकरी, सगळं उभं राहिलं. पीठसुद्धा गावाकडून यायचं तेव्हा. ते दिवस हालाचे होते, पण मला आजही हवेसे वाटतात.

वर आलो तर गल्लीभर चांदीची दुकानं. हिनं एक पैंजण उचलला. मी सवयीनं तो तिच्या हातातून घेतला, तळहातावर तोलला आणि म्हणालो, "साडेब्याण्णवचा कस. घडणावळीतच लुटत्यात. ठेव."

तिनं तो ठेवला आणि बाहेर चौकातल्या बाकावर जाऊन बसली. मुलगा माझ्याकडं असं बघायला लागला की मलाच माझा राग आला. काय गरज होती तोंड उघडायची!

कारण तिच्या पायातली चांदी मीच घालवली होती. लग्नात तिच्या आईनं तिला तोडे घातले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं ते उजळायला म्हणून माझ्या फळीवर ठेवले. मी गिऱ्हाइकाची मोड समजून तोलले आणि टाकले मुशीत. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा हसून म्हणालो, "चांदी कुठं जात्या? पुन्हा करू." मग बहिणीचं लग्न, गावाकडचं घर, मुलाचं शिक्षण. तोडे राहूनच गेले आणि तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

मी बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसलो. "चल, घेऊ तो पैंजण."

"आता पाय सुजत्यात. काय करू घिऊन?"

"चुकलं गं माझं. तवाच म्हणायला पायजे हुतं."

तिनं वाकून घोटा चोळला. मग म्हणाली, "वितळलं त्येचं मला कायबी वाटलं न्हाई. भट्टीवाल्याची बायको मी. पर रोज ते घालून तुमच्याम्होरं वावरत हुते. तुमी हातात घेतलंसा, वजन बी केलंसा, आन् वळखलं न्हाईसा."

तोंडात मारल्यागत झालं. कुठलीही चांदी हातात द्या, डोळे झाकून कस सांगतो, अशी माझी ऐट. आणि त्या तोड्यांवर काय होतं ते आठवून आठवून आठवेना.

"कसं हुतं गं ते?" मी विचारलं.

मी हे विचारतोय, हे तिला आधी खरंच वाटलं नाही. मग तिनं लुगड्याचा काठ जरासा वर घेतला आणि सुजलेल्या घोट्यावर बोट ठेवून सांगायला लागली, "हितं मोराची मान हुती, बगा." मी खाली वाकून बघत राहिलो.