व्हिसावरचं कुंकू
तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मी खिडकी उघडतो. परदेशात नांदणारी बहीण तिथल्या दवाखान्यात आयसीयूत होती. व्हिसाची सगळी कागदपत्रं मी चारदा तपासली होती. आमच्या बीबी गावाहून निघताना आईने पासपोर्ट देवापुढे उघडला, व्हिसाच्या पानावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "जाय बापू, आता तुले कोणी अडवत नाई." गाडीत मी ते पुसायला गेलो, तर लाल तेल सगळ्या आकड्यांवर पसरलं. विमानतळावरून मला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी बहीण गेली. व्हिसाचा एक कागद राहिला, एवढंच मी घरी सांगितलं. आज देवाला कुंकू लावता लावता आईने पुन्हा विचारलं, "एक कागद पाह्यता नाई आला तुले?" मी म्हटलं, "चुकलं माझं."