आईंनी काढलेल्या भुवया

"इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी अर्थ सांगितला: स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू झालेला आणि आता नळीबाहेर पसरलेला कॅन्सर. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या हॉस्पिटलच्या त्या लहानशा खोलीत माझा नवरा महेश वहीत काहीतरी लिहून घेत होता. नंतर पाहिलं, तर पानभर नुसत्या रेघा होत्या.

मी एवढंच म्हणाले, की माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हा काही प्रश्न नव्हता, पण डॉक्टरांना कळला. "तू बरी व्हावीस म्हणूनच ही ट्रीटमेंट आहे," त्या म्हणाल्या. "पण सोपी नाही."

ते २००४ साल होतं, सप्टेंबर महिना. आधी लम्पेक्टमी, म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून टाकणं. मग दर पंधरा दिवसांनी एक, अशा आठ केमो. शेवटी सहा आठवडे रेडिएशन.

महेशनं साताऱ्याला फोन केला आणि ऑक्टोबरात त्याची आई आली. मीही त्यांना आईच म्हणायचे. खरं सांगते, मला त्या यायला नको होत्या. लग्नाला आठ वर्षं झाली तरी आमचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडण्याइतकं बोलणंच नव्हतं. पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली, मोजकं बोलणारी बाई. लग्नाआधी मी पार्लरमध्ये भुवया करून आले, तेव्हा "होत्या त्या काय वाईट होत्या?" एवढंच म्हणाल्या होत्या. ते मी विसरले नव्हते.

दुसऱ्या केमोनंतर डोक्यावरचे केस गेले. त्याची तयारी होती. स्कार्फ आणून ठेवले होते, लेकीला, इराला, समजावून सांगितलं होतं. भुवयांबद्दल मात्र मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या केमोपासून औषध बदललं आणि जानेवारीत एका सकाळी तोंड पुसलं तर टॉवेलवर बारीक केस. आठवड्याभरात भुवया गेल्या, पापण्याही गेल्या. आरशात डोळे होते, नाक होतं, पण तो चेहरा कुणाचा ते कळेना. मी आरशासमोर जाणंच टाळू लागले.

एकदा काजळाच्या पेन्सिलीनं दोन काळ्या कमानी काढून खाली आले. इरा सिरियल खात होती. माझ्याकडे बघून तिनं चमचा ठेवला. "आई, आर यू मॅड ॲट मी?" त्या कमानींमुळे मी तिला रागावलेली वाटले होते.

मी वर जाऊन सगळं धुऊन टाकलं. त्या दिवशी मी रडले तेवढी निदानाच्या दिवशीही रडले नव्हते.

आमच्या हॉस्पिटलात केमोच्या पेशंटसाठी मेकअपचा वर्ग असायचा. तुमच्याकडे असेल तर जरूर जा. तिथे शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मला दाखवलं ते असं. पेन्सिल नाकपुडीला लावून उभी धरायची; ती वर जिथे टेकते तिथे भुवई सुरू होते. मग ती तिरकी करत बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून न्यायची. तिथे भुवईची उंच जागा. आणखी तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की तिथे शेवट. तीन ठिपके द्यायचे आणि एक सलग रेघ न ओढता केसांसारख्या बारीक रेघा काढत ते जोडायचे. केस काळे असले तरी रंग गडद तपकिरी घ्यायचा. आणि केमो सुरू व्हायच्या आधी आपल्या चेहऱ्याचा जवळून एक फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता.

कळलं सगळं, पण जमेना. त्या बदललेल्या औषधानं मला न्यूरोपथी झाली होती, म्हणजे नसांना इजा होऊन बोटं बधिर पडली होती. शर्टाचं बटण लागायचं नाही तिथे पेन्सिल काय धरणार? शिवाय एकदम घाम फुटायचा आणि काढलेलं सगळं गालावर उतरायचं.

आई दारातून बघत होत्या. किती वेळ, मला माहीत नाही.

"बस इथे," त्या म्हणाल्या. कमोडचं झाकण खाली करून त्यांनी मला त्यावर बसवलं, आणि घरात मेण आहे का म्हणून विचारलं. मला काही कळेना.

"कुंकवाखाली मेण लावायचे मी. मेणावर पावडर बसली की दिवसभर हलत नाही."

महेशनं दुकानातून मधमाशीच्या मेणाचा लिप बाम आणला. आईंनी बोटानं त्याचा पातळ हात दिला, मी सांगितले तसे तीन ठिपके ठेवले आणि काडीला कापूस गुंडाळून तपकिरी पावडर टेकवत नेली. डाव्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरली होती. मग हातातला आरसा माझ्यासमोर धरला. भुवया अगदी माझ्या नव्हत्या. पण चेहरा माझा होता.

त्यानंतर रोज सकाळी इराची बस यायच्या आधी आम्ही दोघी बाथरूममध्ये. बाहेर बर्फ, आत हीटरचा आवाज. बोलणं फारसं नसायचंच. एकदा मी म्हटलं, आज कुठे जायचं नाही, राहू द्या. त्यांचा हात थांबला नाही.

"हे गेले त्या दिवशी बायकांनी माझं कुंकू पुसलं. मला कुणी विचारलं नाही. वर्षभर मी आरशात बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "तू बघायचंस."

केमो संपल्या, रेडिएशन सुरू झालं. एप्रिलमध्ये आईंच्या व्हिसाचे सहा महिने भरले आणि त्या परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बोटांना तेल चोळत जा." जिना चढताना त्यांना दम लागायचा, हे मी पाहिलं होतं. वय झालं, असं समजून सोडून दिलं होतं. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

त्या परत गेल्यावर बाराव्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. झोपेतच हार्ट अटॅक. माझी रेडिएशनची सात सेशन राहिली होती, त्यात खंड पाडायला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. महेश एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः भुवया काढल्या. एक वर गेली, एक खाली आली. तशीच हॉस्पिटलात गेले. टेक्निशियननं मला टेबलावर चढायला हात दिला आणि मी सवयीनं थँक यू म्हणाले. म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. नर्सला, टेक्निशियनला, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्या परक्या माणसाला मी त्या वर्षात हजारदा थँक यू म्हटलं असेल. आईंना एकदाही नाही. घरातल्यांना आपण म्हणत नाही, एवढंच त्याचं कारण. ते मला आजही पुरत नाही.

जूनमध्ये भुवया आल्या, विरळ आणि जराशा करड्या. त्या बघायला आई नव्हत्या.

आता तीन वर्षं झाली. माझे रिपोर्ट चांगले आहेत आणि महिन्यातून एकदा मी त्याच वर्गात शिकवायला जाते. मागच्या वेळी एक गुजराती मुलगी आली होती, तिशीचीही नसेल. तिची आई कोपऱ्यात मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. ठिपके देऊन झाल्यावर मी त्यांना जवळ बोलावलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"माझा हात थरथरतो," त्या हिंदीत म्हणाल्या.

मी म्हटलं, थरथरू दे.